परवाना एकाचा, जबाबदारी गावाची

२०२५च्या जानेवारीअखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल झाली, एकाने बार काढला आणि डुक्कर समजून ज्याच्यावर बार काढला तो बरोबर आलेला माणूसच निघाला. त्याचा जीव गेला. अपघात म्हणून एवढ्यावर हे प्रकरण संपले असते, तर हळहळ व्यक्त करून पुढे जाता आले असते. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक गंभीर होते. सोबत्यांनी मृतदेह झुडपात लपवला आणि सारे गप्प राहिले. पोलिसांना त्याचा छडा लागेपर्यंत काही दिवस उलटले.

ही माणसे सराईत गुन्हेगार नव्हती. ज्याच्यासोबत रान तुडवले त्याला मारण्याचा हेतूही कोणाच्या मनात नव्हता. तरीही एक माणूस मेला आणि जे जिवंत राहिले त्यांची कुटुंबे उद्ध्वस्त झाली. 'बंदुकीचा हिंसाचार' हा शब्द ऐकला की आपल्यासमोर मुंबईतील टोळ्या, बिहारमधील बाहुबली किंवा अमेरिकेतील शाळांमध्ये होणारे गोळीबार उभे राहतात. आपल्या गावात, आपल्या भावकीत, ओटीवरच्या खुंटीला टांगलेली बंदूक मात्र डोळ्यांसमोर येत नाही. या अंकात तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

पालघरपासून दक्षिणेला समुद्राच्या कडेकडेने येत राहिले की रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुका लागतो आणि त्यातच वेळणेश्वर. अर्धचंद्राकृती किनारा, माडांच्या बागा, श्रीवेळणेश्वराचे शिवमंदिर आणि मागे जांभ्या दगडाचे डोंगर. कोकणातील कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते. सुटीच्या दिवसांत पर्यटकांची वर्दळ असते. अशा निवांत गावाचा आणि बंदुकीचा संबंध काय, असे कोणी विचारील. वेळणेश्वरात काही विपरीत घडले, असे आमचे म्हणणे नाही. घडू नये यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. आणि संबंध आहेच. तो वेळणेश्वराचा आहे, तसाच शेजारच्या हेदवीचा आहे, मंडणगडापासून दोडामार्गापर्यंतच्या साऱ्या डोंगरकुशीतल्या गावांचा आहे. भाद्रपद सरता सरता भात निसवते, लोंबीत दूध भरते आणि डोंगरातून डुकरांचे कळप उतरू लागतात. एका रात्रीत कळपाने लोळण घेतलेला दळा पाहिला, की त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांतील पाणी कोणत्याही पंचनाम्यात मावत नाही. दिवसा वानर-माकडे आणि रात्री डुक्कर, अशा कात्रीत कोकणचा शेतकरी सापडलेला आहे. म्हणून त्याच्या घरात बंदूक आहे.

ही बंदूक चोरीची नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमातच पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवानाही मिळू शकतो. या परवान्यामागे इतिहासही आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत झालेल्या शस्त्र कायद्याने या देशातील माणसाला स्वतःच्याच भूमीत शस्त्रासाठी सरकारचे तोंड पाहायला लावले. युरोपीय मात्र त्या जाचातून मुक्त होते. निःशस्त्र केलेल्या समाजाचा तो अपमान आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसला. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातातील परवान्याकडे शहरातील दिवाणखान्यात बसून नाक मुरडणे आम्हाला मान्य नाही. बंदुका काढून घ्या, हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

मग प्रश्न कोठे आहे? प्रश्न असा आहे की बंदूक तीच राहिली आणि तिच्या भोवतीचे गाव बदलले. पूर्वी घरात चार कर्ते पुरुष असत. राखणीला जाणारा कोण, त्याची नजर कशी, डोके किती शांत, हे सारे घर जाणत असे. आज तरुण मुंबई-पुण्यात आहेत आणि गावाकडे उरले आहेत ते सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. परवाना आजोबांच्या नावावर. पण त्यांना रात्री दिसत नाही, म्हणून बंदूक घेऊन जातो तो पुतण्या किंवा शेजारचा मुलगा. शिमग्याला, गणपतीला चाकरमानी आले की 'जरा रानात जाऊन येऊ' अशी टूम निघते आणि तीच बंदूक पारधीला बाहेर पडते. मे महिन्यात नातवंडे येतात. भिंतीवरची बंदूक हे त्यांचे सर्वांत मोठे आकर्षण असते.

येथे दोन गोष्टी प्रत्येक घराने स्पष्टपणे समजून घ्यायला हव्यात. पहिली, परवाना बंदुकीला नसतो, तो माणसाला असतो. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याच्या हातात बंदूक देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे आणि घेणाऱ्याचाही. दुसरी, शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार शिकारीला बंदी आहे. पिकांचा नाश करणाऱ्या प्राण्याला मारायचे झाले, तर त्यासाठी वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते. या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळे, किंवा माहीत असूनही 'चालते' म्हटल्यामुळे, एखादा अपघात झाला की सारा समूह एकदम गुन्हेगार ठरतो. आणि गुन्हेगार ठरण्याच्या भीतीने तो जखमीला दवाखान्यात नेण्याऐवजी पुरावा झाकायला धावतो. बोरशेतीच्या प्रकरणातून घ्यायचा मुख्य धडा हाच आहे.

परवाना आहे म्हणजे धोका नाही, हा समजही सोडून द्यायला हवा. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीच्या घरात प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ३ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. या पानांच्या वाचकांना तो आघात आजही आठवत असेल. गोळ्या झाडणारा हात सख्ख्या भावाचा होता आणि पिस्तूल परवान्याचे होते. देशाच्या राजकारणातील एका तेजस्वी पर्वाचा शेवट कोणा अतिरेक्याने केला नाही, तो घरातल्या धुमसत्या रागाने आणि हाताशी असलेल्या शस्त्राने केला. फेब्रुवारी २०२४मध्ये दहिसरला अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे, म्हणजे पुन्हा परवान्याचेच होते. बीड जिल्ह्यात तर डिसेंबर २०२४मध्ये सरपंच संतोष देशमुख यांच्या निर्घृण हत्येनंतर शस्त्रपरवान्यांचा विषय ऐरणीवर आला आणि बाराशेहून अधिक परवाने वाटले गेल्याचे समोर आले. कमरेला पिस्तूल लावून मिरवणे हीच तेथे प्रतिष्ठा झाली होती. जिल्हा प्रशासनाला मग परवाने रद्द करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय!

कायदा दुबळा आहे असे नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. लग्नात, मिरवणुकीत हौसेखातर गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंतचा दंड ठेवला. २०१६च्या शस्त्र नियमांत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीचे प्रशिक्षण यांची तरतूद आहे. परंतु परवाना देताना आणि नूतनीकरणाच्या वेळी कायदा बंदुकीकडे पाहतो, मधली पाच वर्षे तो तिला पाहत नाही. निवडणूक जाहीर झाली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, पावत्या फाडल्या जातात, मोजदाद होते. निवडणूक संपली की बंदूक पुन्हा खुंटीवर आणि मोजदाद पुन्हा कपाटात. मतदानाच्या काळात ज्या शस्त्राची शासनाला चिंता वाटते, त्याची चिंता एरवी कोणी वाहायची?

याचे उत्तर आमच्या मते एकच आहे: गावाने. कारण गावाला सारे माहीत असते. कोणाच्या घरी बंदूक आहे, कोणाचा परवाना संपला आहे, कोण दारू पिऊन रानात जातो, कोणत्या दोन भावांत बांधावरून विस्तव जात नाही, कोणाच्या मनाने अलीकडे उभारी सोडली आहे, हे रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला कळत नाही, पण पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला कळते. ही जाण आज कुजबुजीत वाया जाते. तिचे जबाबदारीत रूपांतर करणे, हाच स्थानिक उपाय.

हा केवळ भाबडा आशावाद नव्हे. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली आणि त्यांतील निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. तेथील शिकागो शहरात गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी २००० साली एक प्रयोग सुरू केला. हिंसा ही साथीसारखी पसरते, म्हणून ती साथीसारखीच अडवावी, असा त्यांचा विचार. त्यासाठी त्यांनी बाहेरचे उपदेशक आणले नाहीत. त्याच वस्तीतील, ज्यांचा शब्द तेथे चालतो अशी माणसे निवडली. भांडण पेटले, सूडाची भाषा सुरू झाली की ही माणसे मध्ये पडायची आणि हात बंदुकीपर्यंत जाण्याआधीच राग निववायची. त्या वस्तीतील गोळीबार पहिल्याच वर्षात लक्षणीयरीत्या घटला आणि पुढे हे काम इतर शहरांत व देशांत गेले. जे तेथे नव्याने उभारावे लागले, ते आपल्याकडे आधीपासून आहे. कोकणात गावकी आहे, मानकरी आहेत. १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने अधिकार दिलेला पोलीस पाटील आहे. १५ ऑगस्ट २००७पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या आहेत. अनेक ठिकाणी त्या कागदावर उरल्या आहेत, एवढेच. त्यांना काम नाही असे वाटते, कारण आपण त्यांना काम दिलेले नाही.

आणि या कामाला मुहूर्तही परंपरेनेच नेमून दिलेला आहे. आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. त्या दिवशी आपण शस्त्रे, अवजारे पुसून-पासून पूजतो आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सीमोल्लंघन करतो. भात पिकण्याचे, डुकरे उतरण्याचे आणि बंदूक खाली काढण्याचे दिवसही हेच. शस्त्राची पूजा म्हणजे त्याला हळदकुंकू वाहणे एवढेच का? ज्याने शस्त्र हाती घ्यायचे त्याने त्याचे सामर्थ्य आणि त्याचे भय दोन्ही ओळखावे, हा त्या विधीचा गाभा आहे. कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडवा समाजाला शस्त्रपरवान्यातून सूट आहे आणि २०१९मध्ये केंद्र शासनाने ती २०२९पर्यंत वाढवली. त्या समाजात भातलावणीच्या काळात शस्त्रे देवघरात ठेवायची आणि लावणी आटोपल्यावर कैलपोद या सणाला विधिपूर्वक बाहेर काढायची, अशी रीत आहे. शस्त्र केव्हा हाती घ्यायचे आणि केव्हा ठेवायचे हे तेथे समाजाने ठरवले. आपल्यालाही ते ठरवता येईल.

म्हणून खंडेनवमीला प्रत्येक गावात शस्त्रपूजनाला शस्त्रतपासणीची जोड द्यावी. पोलीस पाटील, गावकीचे मानकरी, तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आणि एखादा निवृत्त सैनिक यांनी एकत्र बसून गावातील परवान्यांची यादी पडताळावी. ती भिंतीवर लावू नये; जबाबदार हातांत असावी. परवानाधारक वारला असेल, परवान्याची मुदत संपली असेल, तर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे हे कायद्यानेच बंधनकारक आहे. पुष्कळ घरांत केवळ अज्ञानाने किंवा आळसाने ती तशीच पडून असते. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगलेल्या धारकाला ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. तो अर्ज लिहून द्यायला एक सुशिक्षित कार्यकर्ता पुरे आहे.

त्यानंतर हाताळणी. ठासणीची बंदूक एकदा ठासली, की बार काढल्याशिवाय ती रिकामी करणे किचकट असते. म्हणून रात्री डुक्कर आले नाही, तरी पहाटे भरलेलीच बंदूक घरी येते आणि खुंटीवर चढते. घोड्याखालची केप काढली की झाले, असे घरधन्याला वाटते. मग कोणी अजाणता केप चढवतो, चाप ओढतो आणि अनर्थ होतो. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत येणार नाही, बंदूक आणि दारू-छर्रे एका जागी राहणार नाहीत, दोन्हींना कुलूप आणि किल्ली परवानाधारकाजवळ, एवढे तीन नियम पाळले तरी निम्मे भय सरेल. रानातला नियम एकच आहे: आवाजावर बार नाही. विजेरीच्या प्रकाशात प्राणी पुरता ओळखल्याशिवाय, त्याच्या पाठीमागे काय आहे हे दिसल्याशिवाय बोट चापावर जाऊ नये. राखणीला कोण कोठे बसणार हे संध्याकाळीच एकमेकांना कळवावे. ज्याच्या तोंडाला दारूचा वास येतो त्याला त्या रात्री घरी पाठवावे. तो कितीही मानाचा असो. वेळणेश्वरसारख्या गावात आता पर्यटक अनोळखी वाटांनी रात्रीही फिरतात, तेव्हा हे भान अधिकच हवे.

शाळेत गुरुजींनी मुलांना सांगावे: बंदूक दिसली तर हात लावू नये, तेथून दूर व्हावे आणि मोठ्यांना सांगावे. डुकरासाठी पेरलेल्या गावठी बॉम्बबाबतही हेच. तो चेंडूसारखा दिसतो आणि गुरांचे जबडे, कुत्र्यांची तोंडे, मुलांचे हात उडवतो. असे बॉम्ब पेरणाऱ्याला 'आपलाच आहे' म्हणून पाठीशी घालणे हे गावाशी केलेले वैर आहे.

सर्वांत अवघड काम शेवटचे. भावकीचे भांडण हातघाईवर आले असेल, एखाद्याने धमकी दिली असेल, किंवा एकटा राहणारा म्हातारा खिन्न होऊन निरवानिरवीची भाषा बोलू लागला असेल, तर त्या घरातील बंदूक काही काळ पोलीस ठाण्यात सुरक्षित ठेवण्यास त्याला प्रेमाने राजी करावे. अशा माणसाशी कोणीतरी रोज बोलावे. मनाच्या आजारावर सल्ला देणारी शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. रागाची किंवा निराशेची लाट तास-दोन तासांत ओसरते. त्या वेळी बंदूक हाताशी नसेल, तर माणूस वाचतो.

हे पोलिसांचे काम आहे, आम्ही शेजाऱ्याशी वाईटपणा का घ्यावा, असे काही जण म्हणतील. वाईटपणाची भीती खोटी नाही. एकट्यादुकट्याने सांगितले तर तो येणारच. म्हणूनच हे वर्षातून एकदा, सर्वांसमोर, सर्वांना सारखेच आणि देवाच्या साक्षीने व्हावे. सर्वांची बंदूक तपासली जाते, तेव्हा कोणाचाच अपमान होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: डुकरांचे काय? बंदूक कुलुपात ठेवली तर भात कोण राखणार? याचेही उत्तर बंदुकीच्या पलीकडे शोधावे लागेल. गावातील निम्मी शेते पडीक पडली, त्यांत रान माजले, डुकरांना वस्तीच्या उंबऱ्यावर आसरा मिळाला आणि जो एकटा शेतकरी अजून भात लावतो त्याचाच दळा साऱ्या कळपाचे ताट झाला. सर्वांनी एका सलग पट्ट्यात लावणी करावी, पट्ट्याला गडगा किंवा सौर कुंपण घालावे, राखणीच्या पाळ्या लावाव्यात. वन्यप्राण्यांच्या उपद्रवाने संवेदनशील ठरलेल्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाची तरतूद आहे. तिचा पाठपुरावा ग्रामपंचायतीने करावा. शासनानेही नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी द्यावी. ती मिळत नाही, तेव्हाच माणूस कायदा हातात घेतो. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे, महर्षी परशुरामांचे नाव धारण करणारे अभियांत्रिकी महाविद्यालय वेळणेश्वरातच आहे. डुकराची चाहूल लागताच दिवा लावणारे, भोंगा वाजवणारे स्वस्त यंत्र तेथील विद्यार्थ्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांसाठी घडवावे. परशुरामांनी भूमी दिली अशी कोकणची श्रद्धा आहे. ती भूमी पिकती ठेवण्याचे शिक्षण त्यांच्या नावाच्या विद्यालयातून मिळाले, तर त्याहून उचित ते काय?

गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आमचे आवाहन आहे. यासाठी निधी लागत नाही, सभामंडप लागत नाही. येत्या खंडेनवमीपूर्वी आपल्या वाडीतील चार घरांत जावे, खुंटीवरच्या बंदुकीविषयी मोकळेपणाने बोलावे, परवान्याचा कागद वाचून दाखवावा. मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी आजच गावी दूरध्वनी करून वडिलांना विचारावे, बंदूक भरलेली आहे का आणि किल्ली कोणाजवळ आहे. समाजाची शक्ती शस्त्रांच्या संख्येवर मोजली जात नाही. आपल्या हातातील शस्त्राला तो किती लगाम घालू शकतो, यावर ती मोजली जाते. श्रीवेळणेश्वराच्या प्रांगणात यंदा शस्त्रपूजनाबरोबर ही तपासणी झाली, तर शेजारची गावे ती पाहतील आणि उचलतील. सुरुवात कोणीतरी करायला हवी.